कॅबिनेटमध्ये हार्ड डिस्कची घरघर: रबर लावावं की डिस्क टांगावी?

पत्र्याचाखण: ३.५ इंची, ७२०० आरपीएमच्या दोन हार्ड डिस्क एकाखाली एक बसवल्या आहेत. घरघर सतत सारखी नसते, काही सेकंदांनी चढते आणि उतरते. स्क्रू घट्ट केल्यावर ती वाढली. डिस्कचा केज (डिस्क बसवायचा पत्र्याचा सांगाडा) रिव्हेट मारलेला आहे, निघत नाही. वर ५.२५ इंची (सीडी-डीव्हीडी ड्राइव्हचे) दोन खण रिकामे आहेत. काय करावं?

सावकाशफिरा: ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या. दोन्ही डिस्कचा वेग तंतोतंत सारखा नसतो. एक १२० वर आणि दुसरी ११९.८ वर फिरत असेल, तर दर ५ सेकंदांनी आवाज एकदा फुगतो. किंचित बेसूर लागलेल्या तंबोऱ्याच्या दोन तारांसारखंच हे. स्क्रू घट्ट केले की डिस्क आणि पत्रा एकजीव होतात, मग बाजूचं मोठं पॅनेलच वाजू लागतं. आधी पॅनेलवर तळहात दाबून धरा. आवाज दबला तर पॅनेलच्या आतल्या बाजूला मधोमध बिटुमनचा (डांबरी) चिकटपट्टा लावा. मग एक डिस्क स्टँडबायला पाठवून, म्हणजे तिचं फिरणं थांबवून बघा. चढउतार थांबला तर निदान पक्कं. पंखेही क्षणभर बंद करून पाहा, कित्येकदा दोष त्यांचाच असतो.

रबरीबूच: रबर घालायचं तर मऊ आणि जाड हवं. डिस्क रबरावर ज्या वारंवारतेला स्वतःहून डोलते, ती १२० हर्ट्झच्या बरीच खाली, साधारण ४० च्या आसपास असावी. ८५ च्या वर राहिली तर कंप कमी होण्याऐवजी वाढूही शकतो. पातळ, कडक वॉशर म्हणूनच निरुपयोगी ठरतात. ग्रोमेटसाठी (भोकात बसणाऱ्या रबरी कड्यासाठी) केजची भोकं मोठी असावी लागतात आणि मधोमध खांदा असलेला ६-३२ (इंची मापाच्या) आट्यांचा स्क्रू लागतो. एम३ स्क्रू २.५ इंची डिस्कचा, तो इथे चालत नाही. रबर चेपून सपाट होईपर्यंत आवळलात तर सगळं मुसळ केरात. डिस्कचा धातू कुठेही पत्र्याला टेकू नये. भोकं मोठी करायचीच असतील तर मदरबोर्डसकट सगळं बाहेर काढून करा, धातूचा कीस आत राहिला तर शॉर्ट होतो.

पत्र्याचाखण: केजला ड्रिल लावायचं नाही. मग फोममध्ये गुंडाळून खणात ठेवली तर?

सावकाशफिरा: नको. फोम उष्णता कोंडतो आणि डिस्कवरचं हवेचं छिद्रही झाकलं जातं. तुमच्याकडे ५.२५ चे खण आहेत, तिथे टांगणं उत्तम. खण आतून साधारण १४६ मिमी रुंद, डिस्क १०१.६ मिमी, म्हणजे दोन्ही बाजूंना २२ मिमी मोकळे. खणाच्या दोन्ही भिंतींच्या भोकांतून ४ मिमी जाडीच्या इलॅस्टिक दोरीचे दोन फेरे काढा, एक पुढच्या टोकाजवळ, एक मागच्या. प्रत्येक फेऱ्याच्या वरच्या आणि खालच्या दोरीत डिस्क अडकवा. फेरे मधोमध घेऊ नका: हेड झटक्याने सरकतात तेव्हा डिस्क उलट दिशेला वळू पाहते, आणि टोकांना धरलेली डिस्कच स्थिर राहते. सतत मोठं लिखाण चालणाऱ्या डिस्कला मात्र टांगण्यापेक्षा ग्रोमेट बरे.

रबरीबूच: साटा (डेटाच्या) आणि पॉवर केबलला सैल वळण द्या. ताणलेली केबल सगळा कंप पुन्हा पत्र्यापर्यंत नेते. टांगलेल्या डिस्कची उष्णता स्क्रूवाटे पत्र्यात जात नाही, म्हणून समोर १२० मिमीचा पंखा मंद गतीने फिरता ठेवा आणि स्मार्टमधला (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते त्यातला) १९४ क्रमांकाचा तापमानाचा आकडा ४५ अंशांखाली राहतो का पाहा. इलॅस्टिक काळाने सैल पडतं, अधूनमधून तपासा. कॅबिनेट हलवण्यापूर्वी डिस्क काढून घ्या.

आणि घरघर अलीकडेच वाढली असेल तर रबर आणण्याआधी बॅकअप घ्या, ते बेअरिंग झिजल्याचं लक्षण असू शकतं.