पाळोळेजवळचा होमस्टे गुगलवर सापडतच नाही, काय तपासावं?

कुळागर :
गोव्यात काणकोणात पाळोळेजवळ सहा खोल्यांचा होमस्टे आहे. आधी साधी एचटीएमएल पानं होती, जूनमध्ये वर्डप्रेसवर नवी साइट चढवली. होमस्टेचं नेमकं नाव टाकलं तरी बुकिंगच्या मोठ्या साइटच वर येतात, आमच्या डोमेनचा पत्ता नाही. साइट करणारे म्हणतात, महिन्याच्या हप्त्याने बॅकलिंकचं (दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंकांचं) पॅकेज घ्या. घ्यावं का? चवथ झाली, सीझन तोंडावर आलाय.

सुरंगी :
पॅकेज राहू द्या. विकतच्या लिंका गुगलच्या नियमांत बसत नाहीत, आणि तुमचं दुखणंही ते नव्हे. स्वतःच्या नावावरही साइट येत नाही म्हणजे बहुतेक पानं गुगलच्या नोंदीतच नाहीत.

सर्च कन्सोल म्हणजे साइटमालकांसाठीचं गुगलचं साधन, त्यात 'यूआरएल इन्स्पेक्शन'ला मुख्य पानाचा पत्ता द्या. 'नोइंडेक्स' (हे पान नोंदवू नका असं सांगणारा टॅग) दिसलं तर वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' उघडा. सर्च इंजिनांनी साइट नोंदवू नये असं सांगणारा चौकोन तिथे असतो, त्यातली टिक काढा. साइट बांधताना ती मुद्दाम लावतात आणि चढवताना विसरतात. कॅशचं, म्हणजे पानांच्या तयार प्रती साठवणारं प्लगइन असेल तर कॅशही रिकामी करा, नाहीतर जुनाच टॅग जात राहील. सर्च इंजिनांनी कुठली पानं उघडायची नाहीत ते सांगणारी रोबोट्स डॉट टीएक्सटी फाइलही बघा. तिथे अडवलं असेल तर गुगल पान उघडणारच नाही, मग आतला टॅग गेलाय हे त्याला कळणार कुठून?

जुन्या पत्त्यांना 301 रीडायरेक्ट लावा, म्हणजे ते कायमचे नव्या पत्त्याकडे वळतील. खोल्यांचं जुनं पान खोल्यांच्याच नव्या पानाकडे जायला हवं. सगळे मुख्य पानाकडे वळवले तर गुगल ते 'सॉफ्ट 404', म्हणजे पान नसल्यासारखंच, धरू शकतं आणि जुनी पुण्याई जाते.

कुळागर :
टिक होतीच! काढली. आता एक : खोल्यांची माहिती बुकिंग इंजिनच्या आयफ्रेममध्ये (आमच्या पानात बसवलेल्या दुसऱ्या साइटच्या चौकटीत) दिसते. चालेल?

तिसऱ्यो :
बुकिंगपुरती चालेल. पण आयफ्रेममधला मजकूर तुमच्या पानाच्या खात्यावर जमा होईलच असं नाही. प्रत्येक प्रकारच्या खोलीचं वेगळं पान करा आणि पलंग, एसी, स्वयंपाकाची सोय, काणकोण स्टेशनवरून कसं यायचं हे सरळ मजकुरात लिहा.

टायटल टॅग, म्हणजे निकालात दिसणारं पानाचं शीर्षक, बहुधा नुसता 'होम' असेल, तो बदला. गावांची नावं पाहुणे इंग्रजीत कशी टाइप करतात ते बघा. आपण पाळोळे म्हणतो, रोमन स्पेलिंगच्या शेवटी 'एम' असतो. काणकोणचंही 'कॅनाकोना' होतं. इंग्रजी पानाच्या टायटलमध्ये तीच रूपं हवीत. कीवर्डचा मेटा टॅग भरत बसू नका, तो गुगल वापरत नसल्याचं 2009 पासून जाहीर आहे.

फोटो थेट कॅमेऱ्यातून चढवलेत का? चार-पाच एमबीचा फोटो मोबाइलवर सरकत सरकत उघडतो. रुंदी 1600 पिक्सेल, फॉरमॅट वेबपी, वजन दोनशे केबीच्या आसपास ठेवा. सर्वांत वरच्या फोटोला 'लेझी लोड' (खाली सरकवल्यावरच फोटो आणणं) लावू नका, तोच उशिरा आला तर एलसीपी, म्हणजे पानावरचा सर्वांत मोठा भाग दिसायला लागणारा वेळ, बिघडतो. एलसीपी अडीच सेकंदांच्या आत हवा. इमेज टॅगमध्ये रुंदी-उंची लिहिली नाही तर फोटो येताच खालचा मजकूर उडी मारतो. पण वेगाचं काम सुरंगीने सांगितलेलं झाल्यावर. न नोंदलेलं पान कितीही पळालं तरी दिसणार नाही.

आबोली :
नकाशातल्या निकालांसाठी गुगलचं बिझनेस प्रोफाइलही हवं. मुख्य कॅटेगरी नेमकी निवडा आणि फलकावर आहे तेच नाव द्या. नावात 'बेस्ट होमस्टे पाळोळे' कोंबलं तर प्रोफाइल सस्पेंड होऊ शकतं. चांगल्या रिव्ह्यूच्या बदल्यात सवलत देणंही नियमाबाहेर.

कुळागर :
टिक काढल्यावर किती दिवसांत दिसेल? 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग' रोज दाबू?

सुरंगी :
एकदाच दाबा, पुन्हा पुन्हा दाबून रांग पुढे सरकत नाही. काही दिवस ते काही आठवडे लागतात. साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी, वर्डप्रेस 5.5 पासून स्वतःच बनवतं, त्याचा पत्ता कन्सोलमध्ये द्या.

आणि डिसेंबरचे क्लिक सप्टेंबरशी ताडू नका, सीझनमध्ये ते असेही चढतात. कन्सोल 16 महिन्यांचे आकडे ठेवतं, डिसेंबर गेल्या डिसेंबरशीच लावा. आमच्याकडे जून ते ऑगस्ट आलेख झोपतो, तेव्हा घाबरून टायटल बदलू नका.