जुलाबाच्या स्टूलमध्ये जिआर्डिया (आतड्यातला परजीवी) का सापडत नाही?

प्रश्न (ऐरोली): स्टूलची स्लाइड सलाइन, आयोडीन दोन्हीत बघतो. डॉक्टरांना जिआर्डियाचा संशय असतो, पण रिपोर्ट निगेटिव्हच. घणसोली-रबाळ्याच्या कलेक्शन सेंटरचे नमुने फ्रिजमध्ये ठेवलेले असतात, दुपारी एकत्र येतात.

उत्तर (कळवा): गडबड तिथेच आहे. पाण्यासारख्या स्टूलमधले ट्रोफोझॉइट (परजीवीचं हालचाल करणारं रूप) अर्ध्या तासात बघायला हवेत. फ्रिजमध्ये त्यांची हालचाल थांबते, मग ते विरून जातात. डबीवर शौचाची वेळ लिहून घ्या. लगेच पोचवणं जमत नसेल तर थोडा भाग सेंटरवरच त्याच्या तिप्पट 10 टक्के फॉर्मेलिनमध्ये घाला, निदान सिस्ट (परजीवीचं कवचातलं टिकाऊ रूप) टिकतील. आणि हालचाल सलाइनमध्येच बघा, आयोडीनने ट्रोफोझॉइट मरतात.

उत्तर (ठाणे): जिआर्डियाचे सिस्ट रोज पडत नाहीत. एक दिवसाआड तीन नमुने मागवा, 10 दिवसांच्या आत. शिवाय फॉर्मॉल-ईथर (सिस्ट तळाच्या गाळात एकवटायची पद्धत) करा: 1 ग्रॅम स्टूल 7 मिली फॉर्मेलिनमध्ये कालवून गाळा, 3 मिली ईथर घाला, बूच लावून मिनिटभर हलवा. बूच हळूच सैल करा, आत दाब साठतो. जवळ बर्नर नकोच! सेंट्रिफ्यूजनंतर मधला कचऱ्याचा थर काडीने कडेपासून सोडवा, वरचं सगळं एका झटक्यात ओता, तळाचा गाळ बघा. यात ट्रोफोझॉइट मिळत नाहीत, म्हणून ताजी स्लाइड सोडू नका.

उत्तर (नेरूळ): लहान मूल किंवा एचआयव्ही रुग्ण असेल तर मॉडिफाइड झील-नेल्सनही (टीबीच्या स्टेनची सौम्य पद्धत) करा. टीबीचं 20 टक्के ॲसिड वापरू नका, क्रिप्टोस्पोरिडियमचा (जुलाब करणारा आणखी एक परजीवी) रंग धुऊन जातो. 1 टक्का ॲसिड-अल्कोहोल पुरे. 4 ते 6 मायक्रॉनचा दिसला तर क्रिप्टो, 8 ते 10 चा असेल तर सायक्लोस्पोरा (तसाच दुसरा परजीवी). आयपीस मायक्रोमीटरने (मायक्रोस्कोपच्या आयपीसमधली मोजपट्टी) मोजा, अंदाजाने रिपोर्ट देऊ नका.