हरणाऱ्या संघाचे आपण प्रेक्षक: अनुभव

दुपारचा चहा: अमेरिकेत शिकणाऱ्या मुलीचा काल फोन आला. "बाबा, आम्ही सलग नववा सामना हरलो," असे ती म्हणाली आणि तिच्या त्या 'आम्ही'ने मला माझे तिथले पहिले वर्ष आठवले. बारा सामन्यांच्या त्या हंगामात आमच्या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने एकच सामना जिंकला आणि नेमका त्याच शनिवारी मी प्रयोगशाळेत अडकलो होतो. टचडाउनचे, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेण्याचे, सहा गुण आणि नंतरच्या किकचा एक, एवढेच मला कळत असे. तरीही तिसऱ्या पराभवापासून मी पंचांवर ओरडू लागलो होतो. ज्यांनी असा हंगाम पाहिला असेल, त्यांनी अवश्य लिहावे.

जुनी वही: मी मार्चिंग बँडमध्ये बासरी वाजवत असे. आमचे हाफटाइमचे संचलन संपले की निम्मे स्टेडियम रिकामे होई. आपल्या संघाने टचडाउन केले की विद्यापीठाचे गीत वाजवायचे, असा प्रघात होता. एका परगावच्या सामन्यात ते एकदाही वाजवता आले नाही, म्हणून परतताना कोणीतरी बसमध्येच सुरुवात केली आणि आम्ही सर्वांनी साथ दिली. पुढे बसलेल्या संचालकांनी मागे वळून पाहिले नाही, पण थांबवलेही नाही.

हिशेबनीस: पराभवांमागे अर्थकारणही असते. मी क्रीडा विभागाच्या लेखा कार्यालयात अर्धवेळ काम करत असे. हंगामाच्या सुरुवातीला लहान विद्यापीठाचा संघ बलाढ्य संघाच्या मैदानावर खेळायला जातो आणि त्याबद्दल यजमान विद्यापीठ त्याला लाखो डॉलर देते. निकाल कोणी ठरवलेला नसतो, परंतु तो काय लागणार हे सर्वांना ठाऊक असते. त्या पैशांतून इतर खेळांचा खर्च भागत असल्याने तक्रार कोणी करावी? मार मात्र फुटबॉलच्या मुलांनी खाल्लेला असे.

ओसरी: आणि त्या मुलांच्या गुडघ्यांसाठीचा बर्फ आमच्या वसतिगृहाच्या यंत्रातून जात असे! आम्हाला सरबतापुरताही उरत नसे.

तळटीप: आमच्या वसतिगृहात दुःखितांच्या सांत्वनासाठी एक यादी लावलेली होती. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ १९७९ ते १९८२ या काळात सलग ३४ सामने हरले आणि अखेर जिंकले, तेव्हा विद्यार्थ्यांनी गोलपोस्ट उखडून मिशिगन सरोवरात टाकले. कोलंबियाने ४४ पराभवांनंतर १९८८ मध्ये प्रिन्स्टनला १६-१३ असे हरवले. प्रेअरी व्ह्यूचे सलग ८० पराभव १९९८ मध्ये थांबले. आमचे सातच होते. त्या यादीत आम्हाला जागाच नव्हती, याचे काहींना चक्क वाईट वाटे.

फळा: मी संघातील एका धिप्पाड बचावपटूला सांख्यिकी शिकवत असे. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता निम्मी धरली, तर सलग आठ सामने हरण्याची शक्यता २५६ मध्ये १ येते, असे मी त्याला मांडून दाखवले. त्याने बराच वेळ कागदाकडे पाहिले आणि म्हणाला, "मग निम्मी धरणेच चुकले आहे." संपूर्ण वर्गात गृहीतकावर बोट ठेवणारा तो एकटाच होता.

दुपारचा चहा: हे मी लगेच मुलीला पाठवले. तिचे उत्तर आले: "आमचे ५१२ मध्ये १ झाले आहे. शनिवारी १०२४ करायला जात आहे, छत्री घेऊन."