अनुदान संपल्यावरही टिकलेला एक कार्यक्रम

वरच्या प्रतिसादात म्हटलंय की मुलांच्या लठ्ठपणासाठी शहरांनी अनुदान मागायचं म्हणजे चार दिवसांचा उत्साह, पैसे संपले की सगळं थंड. बऱ्याच ठिकाणी तसं होतं, मान्य. पण अमेरिकेत बॉस्टनला खेटून असलेल्या सॉमरव्हिलकडे जरूर बघा. दाट वस्ती, बरीच स्थलांतरित कुटुंबं. टफ्ट्स विद्यापीठाच्या क्रिस्टिना इकोनॉमोस यांनी २००२ मध्ये तिथे 'शेप अप सॉमरव्हिल' सुरू केलं, पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी. पैसा सीडीसीचा, म्हणजे केंद्र सरकारच्या रोगनियंत्रण संस्थेचा.

मला सगळ्यात पटलं ते हे, की मुलांना डाएटवर ठेवलंच नाही. शाळेच्या जेवणात फळं-भाज्या वाढवल्या. पोरांना चालत शाळेत जाता यावं म्हणून रस्त्यावरचे पुसट झालेले झेब्रा पट्टे पुन्हा रंगवले. जी हॉटेलं लहान प्लेट आणि सोबत फळं-भाज्या देतील, त्यांना कार्यक्रमाची मान्यता दिली.

२००७ मध्ये पहिल्या वर्षाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लठ्ठपणाचा धोका असलेल्या मुलांचं वजन तुलनेसाठी घेतलेल्या गावांतल्या मुलांपेक्षा सुमारे एक पौंड कमी वाढलं. आकडा किरकोळ वाटेल, पण या वयात उंची वाढतच असते. वजन उतरवायची गरज नसते, ते जरा सावकाश वाढलं तरी पुष्कळ.

अभ्यास संपल्यावर महापालिकेने कार्यक्रम स्वतःच्या आरोग्य विभागात चालू ठेवला. म्हणून अनुदानाचा कुठलाही अर्ज दिसला की मी आधी हेच शोधते: मुदत संपल्यावर शाळेच्या स्वयंपाकघराचा वाढीव खर्च कोण उचलणार, हे त्यात लिहिलंय का?