खेळता खेळता चावणारे पिल्लू : तुमच्या घरी ही सवय कशी सुटली?

घरात पिल्लू आले की पहिल्या काही दिवसांचे कौतुक ओसरता ओसरता हातांवर ओरखडे दिसू लागतात आणि 'हे पुढे चावरे निघणार की काय' अशी शंका कोणीतरी बोलून दाखवते. वास्तविक पिल्लू जग तोंडानेच चाचपते आणि भावंडांशीही चावूनच खेळते. चावा जोराचा झाला की भावंड केकाटून खेळ सोडते, आई उठून जाते, आणि जबडा किती आवळायचा हे त्याला त्यातून कळत जाते. हे शिक्षण अर्धवट राहिलेली पिल्ले आपल्याकडे सर्रास घरोघरी येतात, कारण आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकण्यास 2017 च्या नियमांनी मनाई असली तरी ती सगळीकडे पाळली जातेच असे नाही. उरलेला भाग मग आपल्याला शिकवावा लागतो. मारझोड न करता आणि तोंड दाबून न धरता तो कसा शिकवला, कशाचा उपयोग झाला नाही, हे सविस्तर लिहावे, ही विनंती.

पुणे, लॅब्राडोर

आमच्या पशुवैद्यांनी 'चावायचेच नाही' इथून सुरुवात करू नका, असे बजावले होते. आधी चाव्याचा जोर कमी करायचा आणि मग चावणे कमी करायचे, हा त्यांचा क्रम. त्यामुळे सुरुवातीला ज्या चाव्याने कळ येई तेवढ्यालाच खेळ थांबायचा. हात सैल सोडायचा, झटक्याने मागे ओढायचा नाही, कारण ओढलेला हात त्याला पळत्या उंदरासारखा वाटतो. मग शांतपणे उठायचे आणि दारातल्या फळीपलीकडे जाऊन पाठ फिरवून उभे राहायचे. अर्धे मिनिट पुरते. त्याहून अधिक वेळ लावला तर आपण का उठून गेलो हे पिल्लू विसरते आणि सोफ्याचा कोपरा कुरतडायला घेते. परत आल्यावर रागावणे नाही, उपदेश नाही, खेळ पुढे चालू. जोराचे चावे थांबल्यावर मध्यम चाव्यालाही खेळ थांबू लागला आणि शेवटी नुसते दात टेकले तरी. लॅब्राडोर ही मुळात शिकार तोंडात अलगद धरून आणण्यासाठी जोपासलेली जात असल्याने तिला तोंड रिकामे ठेवणे जड जाते. आता पाहुणे आले की आमचे महाशय आधी आपली चिंधी शोधतात, ती तोंडात धरतात आणि मगच शेपूट हलवत स्वागताला येतात.

बंगळूर, बीगल

'चावल्यावर आई गं म्हणून ओरडा' हा सल्ला सर्वांना मिळतो. आमच्या पिल्लाला तो आवाज म्हणजे खेळ रंगात आल्याची खूण वाटे आणि ते दुप्पट जोमाने झडप घाली. काही पिल्ले त्या आवाजाने थबकतात, काही चेकाळतात. आपले कोणत्या जातकुळीचे आहे हे दोन-तीन वेळांतच समजते.

ठाणे, देशी पिल्लू

आमचे पिल्लू पावसाळ्यात पार्किंगमध्ये एकटेच सापडले, तेव्हा ते आईचे दूध पिण्याच्या वयाचे होते. भावंडांचा सहवासच नसल्यामुळे आपला चावा समोरच्याला लागतो, ही कल्पनाच त्याला नव्हती. प्राथमिक लसी पूर्ण होईपर्यंत पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या संसर्गजन्य रोगाच्या भीतीने त्याला खाली नेता येत नव्हते, म्हणून शेजारच्या मजल्यावरची, सर्व लसी झालेली, वयस्क आणि शांत स्वभावाची कुत्री आम्ही रोज थोडा वेळ घरी बोलावली. तिने कान चावू दिले, शेपूट ओढू दिली, पण चावा मर्यादेबाहेर गेला की एक खोल गुरगुर करून ती तोंड फिरवून बसे. पिल्लू पोटावर सरपटत पुढे जाई, तिची हनुवटी चाटे आणि मग फार जपून पुन्हा खेळू लागे. माणसाच्या अर्ध्या मिनिटाच्या अबोल्यापेक्षा तिचे ते तोंड फिरवणे कितीतरी प्रभावी होते, असे माझे मत आहे.

नाशिक, एकत्र कुटुंब, डॉबरमन

पिल्लाला शिकवणे सोपे गेले, माणसांना एका नियमावर आणणे अवघड. आजींच्या नऊवारीचा घोळ पिल्लाच्या बरोबर डोळ्यांसमोर हलत असल्याने ते तिथेच लोंबकळे; मुले किंचाळत पळत; आणि संध्याकाळी धाकटे काका स्वतःच हात पुढे करून 'घे, घे' म्हणत कुस्ती खेळत. एकाच कृतीला एकीकडे ओरडा आणि दुसरीकडे शाबासकी मिळत असेल तर कोणतेही पिल्लू गोंधळणारच. शेवटी रविवारी जेवणानंतर सगळ्यांच्या देखत ठरले की हाताने कुस्ती कोणीही खेळणार नाही आणि काकांना खेळायचेच असेल तर हातभर लांबीचा जाड दोरखंड वापरतील. दोरखंडाच्या खेळातही दात हाताला लागले की दोरखंड खाली पडायचा. 'सोड' म्हटल्यावर दोरखंड सोडला की उकडलेल्या चिकनचा तुकडा आणि लगेच पुन्हा दोरखंड, असा व्यवहार काकांनी जमवला आणि पुढे त्यांनाच त्याचा सर्वाधिक अभिमान वाटू लागला. आजींनी मात्र स्वतःचा तोडगा काढला. पिल्लू पदराकडे वळले की त्या जागच्या जागी उभ्या राहत, 'बस' म्हणत आणि ते बसेपर्यंत त्याच्याकडे पाहतही नसत. बसले की कनवटीला ठेवलेला चुरमुरा मिळे. घरात 'बस' या शब्दाला सर्वांत तत्पर प्रतिसाद आजही आजींनाच मिळतो.

लातूर जिल्हा, कारवान

कारवान हा नजरेने हेरून पाठलाग करणारा कुत्रा असल्याने पळणारे मूल दिसले की आमच्या पिल्लाचे भान सुटत असे. मुलांना आम्ही 'पुतळा' शिकवला: पिल्लू अंगावर आले की हात छातीशी घ्यायचे, जमिनीकडे पाहायचे आणि हलायचे नाही. न हलणाऱ्या पायांत त्याला रस उरत नसे. तरीही लहान मुलांना आणि पिल्लाला मोठ्या माणसाशिवाय एकत्र सोडू नये, हे मी आग्रहाने सांगेन.

मुंबई, मी स्वतः डॉक्टर

वरील सर्व अनुभव वाचताना एक मुद्दा राहिल्यासारखा वाटला. पिल्लाला रेबीजची पहिली लस साधारणपणे तीन महिन्यांच्या सुमारास दिली जाते, आणि चावण्याचा भर नेमका त्याच्या आसपास असतो. पिल्लू घरचे आहे, खेळात लागले आहे, दात इवलेसे आहेत, ही कारणे वैद्यकीयदृष्ट्या पुरेशी नाहीत. ओरखडा उठला किंवा त्वचा फाटली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून लसीचा निर्णय त्यांच्यावर सोपवावा. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही जखमेत भरू नये. रस्त्यावरून आणलेल्या, पूर्वेतिहास माहीत नसलेल्या पिल्लाबाबत तर चालढकल करूच नये.

कोल्हापूर, पामेरियन

चौथ्या महिन्याच्या आसपास दुधाचे 28 दात पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के 42 येतात. मधल्या काळात हिरड्या शिवशिवत असल्याने कमी झालेले चावणे पुन्हा वाढते. जुना सुती पंचा भिजवून, पिळून, मध्ये गाठ मारून फ्रीझरमध्ये ठेवावा आणि आपल्या देखत चघळायला द्यावा. धागे सुटू लागले की काढून घ्यावा. शिजवलेली हाडे देऊ नयेत, त्यांच्या कपच्या होतात.

म्युनिक, गोल्डन रिट्रीव्हर

आमच्या पिल्लाच्या रोज संध्याकाळी अंगात येत असे. कोणताही उपाय त्या अर्ध्या तासात चालेना. इथल्या पिल्लांच्या वर्गात शिक्षिकेने पहिला प्रश्न विचारला तो झोपेचा. या वयात पिल्लाला दिवसातून 18 ते 20 तास झोप लागते आणि आमच्या घरी ऑनलाइन बैठका, पाहुणे व भारतातले व्हिडिओ कॉल यांमुळे त्याला दुपारी डोळा लावायलाच मिळत नव्हता. दुपारी पडदे ओढून त्याला त्याच्या कोपऱ्यात निजवू लागल्यावर संध्याकाळचे चावणे झपाट्याने कमी झाले. दमवले की शांत होईल, ही समजूत निदान पिल्लांच्या बाबतीत उलटी पडते.

पणजी, देशी मिश्र

खेळातले चावणे आणि खरे चावणे यांत फरक करावा. खेळताना अंग सैल असते, पुढचे पाय वाकवून मागचा भाग वर केलेला असतो. आमचे पिल्लू मात्र डोक्याला हात लावला की ताठ होऊन एकटक पाहायचे आणि मगच दात लावायचे. तेव्हा शिकवणे बाजूला ठेवून आम्ही पशुवैद्यांकडे गेलो. तपासणीत कानात संसर्ग निघाला. औषध लागू पडल्यावर कानाजवळ हात नेता येऊ लागला, नखे कापण्याबाबत मात्र त्याने आपले मत अजून बदललेले नाही.