आयर्लंडचे जुने रेल्वेडबे: कोणत्या काळाचा रंग धरावा?

रूळप्रेमी, नाशिकरोड

नमस्कार मंडळी. आम्ही काही रेल्वेप्रेमी मिळून दिवाळीच्या सुटीत नाशिकरोडला रेल्वेच्या प्रतिकृतींचे छोटे प्रदर्शन भरवणार आहोत आणि प्रत्येकाने एकेका देशाची गाडी करायची असे ठरले आहे. मी आयर्लंड मागून घेतले. आपल्या १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजची सवय असलेल्या माणसाला तिथल्या १६०० मिलिमीटरच्या रुळांबद्दल आपोआपच जवळीक वाटते, आणि युरोपात तो गेज आज त्या एकाच बेटावर आहे. प्रमाण एका फुटाला ४ मिलिमीटर धरले असून त्या हिशेबाने रुळांमधले अंतर २१ मिलिमीटर येते. तेवढे काम झाले आहे.

अडचण रंगाची आहे. मला एकाच इंजिनामागे ग्रेट सदर्न अँड वेस्टर्न रेल्वेचा १९०२च्या सुमाराचा लाकडी डबा, १९५०च्या दशकातला पार्क रॉयल आणि १९६०च्या दशकातला क्रेव्हन्स (ही दोन्ही डबे बनवणाऱ्या इंग्लिश कंपन्यांची नावे) असे तीन डबे जोडायचे आहेत. जुनी छायाचित्रे पाहावीत तर एकाच जातीचा डबा कुठे गडद लाल, कुठे हिरवा आणि कुठे काळा-नारिंगी दिसतो. जतन केलेल्या डब्यांवर आज जो रंग आहे, तो मूळचा मानावा का? जतन करणाऱ्या संस्था रंग निवडतात तो कोणत्या निकषावर? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

गाडीवान, गंगापूर रोड

तुमच्या प्रश्नात रंगाआधी सालाचा प्रश्न दडलेला आहे. डबा कोणत्या कारखान्यात आणि कधी बांधला यापेक्षा तो तुम्ही कोणत्या वर्षी उभा करता, यावर त्याचा रंग ठरतो, कारण आयर्लंडमध्ये डब्यांचे आयुष्य लांब होते आणि त्यांचे मालक बदलत गेले.

ग्रेट सदर्न अँड वेस्टर्नचे डबे डब्लिनजवळच्या इंचिकोर कारखान्यात बांधले जात, आणि त्यांचा रंग जांभळटाकडे झुकणारा अतिशय गडद लाल होता. १९२५मध्ये ही कंपनी ग्रेट सदर्न रेल्वेज या नव्या कंपनीत विलीन झाली. तिने काही काळ चॉकलेटी आणि क्रीम अशी जोडी चालवली व पुढे मरून रंग घेतला. १९४५मध्ये सीआयई ही वाहतूक कंपनी स्थापन झाली आणि डबे गडद हिरवे झाले, त्यावर फिकट हिरव्या रेषा आणि ‘उडती गोगलगाय’ या टोपणनावाने ओळखले जाणारे बोधचिन्ह आले. हे चिन्ह मुळात डब्लिनच्या ट्राम आणि बस चालवणाऱ्या कंपनीचे होते. १९५०च्या दशकाच्या मध्यावर हिरवा थोडा उजळला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीस ज्याला सगळे काळा-नारिंगी म्हणतात तो रंग आला: खिडक्यांच्या खाली सोनेरी तपकिरीकडे झुकणारा नारिंगी, खिडक्यांच्या भागात काळा आणि वर एक पांढरी पट्टी. १९७२मध्ये वातानुकूलित ‘सुपरट्रेन’ डबे आले तेव्हा पांढरा गेला आणि नारिंगीवर रुंद काळा पट्टा उरला.

म्हणजे तुमचा १९०२चा डबा, जर १९६०पर्यंत टिकला असेल, तर जन्मतः लाल आणि म्हातारपणी हिरवा असणार. पार्क रॉयल १९५५-५६चे, त्यांचे सुटे भाग इंग्लंडहून येत आणि जुळणी इंचिकोरला होई; ते हिरव्यातून काळ्या-नारिंगीत गेले. क्रेव्हन्स मात्र १९६३पासून थेट काळ्या-नारिंगीतच रुळांवर आले, त्यामुळे त्यांच्यावर उडती गोगलगाय अजिबात लावू नका. तिन्ही डबे एकत्र दाखवायचे असतील तर १९६३-६४ हे साल धरावे. त्या काळी नव्या रंगाचे आणि जुन्या हिरव्या रंगाचे डबे एकाच रेकमध्ये (जोडलेल्या डब्यांच्या मालिकेत) सर्रास दिसत, कारण कारखान्यात पाळी आल्याशिवाय डबा रंगवला जात नसे.

आणखी एक. इंजिन डिझेल असेल तर मागे हीटिंग व्हॅन जोडायला विसरू नका. डबे वाफेवर गरम होत आणि सीआयईच्या डिझेल इंजिनांत वाफेचा बॉयलर नव्हता, म्हणून वाफ करणारी वेगळी छोटी गाडी जोडावी लागे. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या त्या धातूच्या व्हॅन सुरुवातीला न रंगवता चंदेरीच ठेवल्या होत्या. हिवाळ्यातली आयरिश गाडी त्या व्हॅनशिवाय अपुरी वाटते, हे माझे प्रामाणिक मत.

जुना रंगारी, देवळाली कॅम्प

मी नोकरीभर रेल्वेच्या वर्कशॉपात डब्यांच्या रंगकामावर होतो, त्यामुळे रंग ठरवण्याच्या पद्धतीबद्दल लिहितो.

सर्वप्रथम, छायाचित्रावर भिस्त ठेवू नये. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळ्या-पांढऱ्या काचपट्ट्यांना निळा उजेड चांगला कळे आणि लाल जवळजवळ कळतच नसे. त्यामुळे निळा डबा पांढुरका आणि लाल डबा काळा उमटे. ग्रेट सदर्न अँड वेस्टर्नच्या गडद लाल डब्याच्या छायाचित्रावरून तो लाल होता, तपकिरी होता की काळा, हे कोणालाच सांगता येणार नाही.

रंगाचा खरा पुरावा डब्याच्या अंगावरच असतो. दाराच्या बिजागरीमागे, खिडकीच्या चौकटीच्या खाचेत किंवा नंतर बसवलेल्या पत्र्याखाली, म्हणजे जिथे खरवडणाऱ्याचा हात कधी पोचला नाही अशी जागा शोधायची. तिथे रुपयाएवढ्या वर्तुळात बारीक वॉटर पेपरने पाणी लावत, अगदी हलक्या हाताने, मधोमध सर्वांत खोल आणि कडेला उथळ असे घासत जायचे. एकात एक कडी उघडी होतात: वर नारिंगी, मग फिकट हिरवा, मग गडद हिरवा, मग मरून, मग वार्निशाचा पिवळसर थर, त्याखाली लाल, त्याखाली तपकिरी अस्तर, मग लांबी (पुट्टी), आणि शेवटी लाकूड. कोरडे घासू नये, कारण जुन्या रंगांत शिसे असते आणि ती धूळ पोटात आणि छातीत जाते.

यातले तपकिरी अस्तर फार महत्त्वाचे आहे. ‘लेक’ जातीचा लाल रंग पारदर्शक असतो. तो स्वतः पृष्ठभाग झाकत नाही, खालच्या अस्तरावर आपली झाक चढवतो. अस्तर काळपट असले तर जांभळट दिसतो, विटकरी असले तर तांबडा. त्यावर वार्निशाचे हात, आणि वार्निश वर्षागणिक पिवळे पडणार. म्हणून ‘मूळ छटा’ म्हणताना ती कारखान्यातून निघाल्या दिवसाची की दहा वर्षे धावल्यानंतरची, हे आधी ठरवावे लागते. तुमच्या प्रतिकृतीवर तयार मरून फवारू नका. आधी तपकिरी अस्तर द्या, त्यावर किरमिजी रंगाचे दोन पातळ हात द्या आणि शेवटी अर्धचमकीचे वार्निश. एवढ्याशा डब्यावरसुद्धा फरक दिसेल.

जतनाबद्दल माझे म्हणणे एवढेच की संपूर्ण डबा लाकडापर्यंत खरवडण्याआधी हातभर जागा सर्व थरांसकट राखून ठेवावी आणि तिच्यावर नवा रंग चढू देऊ नये. तेवढा तुकडा गेला की पुढच्या पिढीकडे कोणाचा तरी शब्द उरतो, पुरावा उरत नाही.

थळघाट, इगतपुरी

रंगारीकाकांचे म्हणणे मान्य आहे, परंतु सर्वांत खालचा थर तो खरा, असा अर्थ कोणी काढू नये. डब्याचे लाकूड, दारे, दिवे, आतली मांडणी ज्या काळाची उरली असेल त्या काळाचा रंग द्यावा, असे मला वाटते. १९०२चा डबा १९५०च्या दुरुस्तीत पत्र्याने मढवला गेला असेल आणि तो पत्रा तसाच असेल, तर त्यावर १९०२चा लाल आणि सोनेरी रेषा चढवणे म्हणजे कधीच अस्तित्वात नसलेली वस्तू तयार करणे होय. तो डबा हिरवाच शोभतो. लाल हवा असेल तर पत्रा उतरवून लाकडी पट्ट्या पुन्हा बसवण्याची तयारी हवी.

उत्तरेकडे ग्रेट नॉर्दर्न रेल्वेची गोष्ट तर आणखी वेगळी होती. त्यांचे जुने डबे वार्निश केलेल्या लाकडाचेच असत, आणि बांधणी बदलल्यावर त्यांनी तपकिरी रंगावर लाकडाच्या रेषा ओढून तोच आभास टिकवला. अशा डब्यावर सपाट तपकिरी रंग मारणे हा मला अन्याय वाटतो. ती कंपनी १९५८मध्ये आयर्लंड आणि उत्तर आयर्लंड यांच्या सीमेच्या दोन बाजूंना वाटली गेली आणि तिचे डबे दोन वेगवेगळ्या हिरव्या रंगांत गेले.

संस्थांची बाजूही समजून घ्यावी. १९६४मध्ये स्थापन झालेल्या रेल्वे प्रिझर्व्हेशन सोसायटी ऑफ आयर्लंडचे मुख्य ठिकाण उत्तर आयर्लंडमधल्या व्हाइटहेड येथे आहे. १९०२चा इंचिकोरमध्ये बांधलेला राजेशाही डबा क्रमांक ३५१ त्यांनी सांभाळला आहे, पण मुख्य मार्गावरच्या सहलींसाठी त्यांना क्रेव्हन्ससारखे पोलादी डबेच वापरावे लागतात. धावणारा डबा पावसात उभा राहतो, ब्रशाने धुतला जातो. त्याला वर्षानुवर्षे टिकणारा रंग लागतो आणि पूर्ण रेक एकसारखा दिसावा अशी प्रवाशांचीही अपेक्षा असते. त्यामुळे धावत्या रेकवरचा रंग तुम्ही इतिहासाचा दाखला म्हणून घेऊ नये. संग्रहालयात छपराखाली उभ्या असलेल्या डब्याचा घ्यावा.

छपराचा उल्लेख आला म्हणून सांगतो. बेलफास्ट अँड काउंटी डाउन रेल्वेचा १८९७चा राजेशाही डबा डाउनपॅट्रिकच्या वारसा रेल्वेकडे आहे. नोव्हेंबर २०२३मध्ये त्या गावात पूर आला आणि रेल्वेच्या आवारात पाणी शिरले. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आले यावरून पूर मोजणाऱ्या आपल्या गावाला त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. रंगाच्या छटेवर आपण कितीही वाद घातला, तरी लाकडी डब्याचा पहिला शत्रू पाणी आहे आणि संस्थांचा पैसा आधी तिकडेच जायला हवा.

रूळप्रेमी, नाशिकरोड

सर्वांचे मनापासून आभार. १९६३ हे साल पक्के केले आहे. क्रेव्हन्स काळा-नारिंगी, पार्क रॉयल उजळ हिरवा, लाकडी डबा गडद हिरवा आणि गोगलगायीसह, शेवटी चंदेरी हीटिंग व्हॅन. काकांनी सांगितलेला लाल मला सोडवत नाही, म्हणून तोच लाकडी डबा १९०२च्या रूपात दुसऱ्यांदा करून, रेकला न जोडता, शेजारी वेगळ्या रुळावर ठेवेन आणि दोन्हींखाली सालाची पाटी लावेन. काका, लेकच्या सोनेरी रेषा तुम्ही ब्रशाने ओढता की रुलिंग पेनने (रेघा आखण्याच्या पेनने)?

जुना रंगारी, देवळाली कॅम्प

डब्यावर लांब केसांच्या ब्रशाने, प्रतिकृतीवर रुलिंग पेननेच. रंग दुधाइतका पातळ करा, आणि रेष ओढण्याआधी खालचा थर पूर्ण दोन दिवस वाळू द्या. देवळाली कॅम्पकडे येणे झाले तर पेन घेऊन या, टोक घासून देतो.