‘इस्मा’ आणि ‘शक्क’ : मराठीत कोणते शब्द?

प्रश्न : कुराणाच्या सूरा (अध्याय) यूनुसमध्ये (10:94) प्रेषित मुहंमदांना उद्देशून म्हटले आहे, ‘आम्ही तुझ्याकडे जे उतरवले त्याविषयी तुला शंका असेल, तर तुझ्या आधीपासून ग्रंथ वाचत आलेल्यांना विचार.’ प्रेषित ‘अचूक’ असतात या सिद्धान्ताशी हे कसे जुळते?

उत्तर : निम्मा घोळ ‘अचूक’ या शब्दाने घातला आहे. मूळ संज्ञा ‘इस्मा’. तिच्या धातूचा अर्थ धरून ठेवणे, राखणे. सूरा हूदमध्ये (11:43) प्रलयाच्या वेळी प्रेषित नूहचा मुलगा ‘डोंगर मला पाण्यापासून वाचवील’ म्हणतो, तिथले क्रियापद याच धातूचे आहे. (उर्दूतून कानावर पडणारा ‘इस्मत’, म्हणजे शील, हाही मुळात तोच शब्द.) ‘निष्पापत्व’ बरे, पण त्यात राखणारा, म्हणजे प्रेषितांना पापापासून राखणारा अल्लाह, दिसत नाही.

आता आयत, म्हणजे 10:94 हे वचन. तिथे ‘इन कुन्त फी शक्किन’ (तू ‘शक्क’मध्ये, म्हणजे शंकेत असशील तर) असे शब्द आहेत. ‘इन’ म्हणजे ‘जर’. शंका आलीच होती, असे त्यातून निघत नाही. कुराणाचा जुना भाष्यकार तबरी याने आपल्या भाष्यात कतादा या त्याच्या आधीच्या विद्वानाकडून आलेले प्रेषितांचे उत्तरही नोंदवले आहे : ‘मला शंका नाही आणि मी विचारणारही नाही.’ दुसरा खुलासा असा की, संबोधन प्रेषितांना असले तरी रोख श्रोत्यांवर आहे. त्यासाठी अरबीत ‘शेजारणी, ऐक, माझा रोख तुझ्यावरच आहे’ अशा अर्थाची म्हण सांगितली जाते, आणि ती वाचताना ‘लेकी बोले सुने लागे’ आठवल्याशिवाय राहत नाही. सूरा तलाकच्या आरंभी (65:1) ‘हे नबी’ असे एकवचनी संबोधून लगेच ‘तुम्ही स्त्रियांना तलाक द्याल तेव्हा’ असे अनेकवचन येते, हा या शैलीचा उघड दाखला. 10:94 मध्ये मात्र सगळे एकवचनच आहे, ही अडचण लपवू नये. तरीही दहाच आयतींनंतर (10:104) तेच शब्द ‘इन कुन्तुम फी शक्किन’ असे अनेकवचनात, ‘लोकहो’ म्हणून येतात, तेव्हा सून कोण ते कळते.

पुरवणी प्रश्न : प्रेषित इब्राहीमचे काय? तो तर स्वतःच विचारतो.

उत्तर : खरे आहे, तिथे ही म्हण चालणार नाही. ‘मेलेल्यांना तू कसे जिवंत करतोस ते दाखव’ असे तो म्हणतो (2:260). ‘तुझा विश्वास नाही का?’ या प्रश्नावर ‘आहे, पण माझे मन निश्चिंत व्हावे म्हणून’ असे उत्तर देतो. त्या आयतीत ‘शक्क’ हा शब्दच नाही, आणि प्रश्नही ‘कसे’ हा आहे. मराठीत शिष्य गुरूला शंका विचारतो, पण गुरूवर संशय घेत नाही. म्हणून इब्राहीमच्या बोलण्याला फार तर ‘शंका’ म्हणावे. 10:94 मधल्या ‘शक्क’साठी मी ‘संशय’ वापरीन.